एका नक्षत्राला दोन फेऱ्या

"भाऊ, श्रावणात तुम्ही दर आठवड्याला येत होते. आता महिना झाला तरी पत्ता नाही. पैसे मात्र तेवढेच कसे?"

पांढुर्णा-सौंसर भागात गवत कापायचं काम धरलेल्या माणसाला हा प्रश्न दिवाळीनंतर कुणी ना कुणी विचारतंच. ऑगस्टमध्ये तेच गिऱ्हाईक फाटकातून उलटं विचारतं, "परवाच तर कापून गेले, इतक्यात पुन्हा?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. आपण काम महिन्यांत मोजतो, पैसेही महिन्याला देतो, आणि गवताला महिना ठाऊक नसतो. कोणत्या आवारात कधी जायचं हे ठरवण्यासाठी आधी गवत कसं वाढतं ते समजून घ्यायला हवं. मग पावसाचं पाहू, आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या सणवारांचं.

1. लॉन कुणाचं

आपल्या भागात 'लॉन' म्हटलं की पहिल्यांदा लग्नच डोळ्यांसमोर येतं. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर काय आणि नागपूर-बैतूल रस्त्यावर काय, कमानीवर अमुक लॉन, तमुक लॉन असं लिहिलेलं असतं आणि आत हिरवळीवर मांडव पडतो. त्याखेरीज पेट्रोल पंपाच्या कडेचा हिरवा पट्टा, शाळेचं मैदान, दवाखान्याचं आवार, बोरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसमोरची हिरवळ आणि गावातले दहा-पाच बंगले. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी सरकारी आवारं, आणि आवार आलं की गवत आलंच.

या बहुतेक ठिकाणी गवत एकच असतं: हरळी, हिंदीत दूब. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजेच ही. रोपवाटिकेत 'सिलेक्शन नंबर वन' म्हणून मिळतं तेही निवडून वाढवलेलं हरळीचंच वाण. वावरात जिच्या मुळ्या खणून काढताना कंबर मोडते, तीच हरळी आवारात पैसे देऊन लावतात. तिचा चिवटपणा शेतात नडतो आणि हिरवळीत कामी येतो.

2. सोऱ्यातून उतरणारी चकली

झाडाचा शेंडा छाटला की त्या फांदीची वाढ तिथेच थांबते. गवत मात्र शंभरदा कापलं तरी वर येतं. याचं कारण असं की गवताच्या पात्याची वाढ होते बुडाशी, जमिनीला लागून. चकलीचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. पीठ वरून दाबलं की चकली खालच्या चकतीतून पुढे सरकते. बाहेर आलेलं टोक सुरीने उडवलं तरी सोऱ्याला काही होत नाही, मागून पीठ येतच राहतं. गवताचा सोऱ्या जमिनीलगत असतो आणि पातं त्यातून वर ढकललं जातं. म्हणूनच गाई-म्हशींनी चरून खाल्लेलं कुरण पुन्हा हिरवं होतं, आणि म्हणूनच हिरवळ ही गोष्ट शक्य आहे.

पण सोऱ्यात पीठ यायला हवं. गवताचं पीठ पानातच तयार होतं, कारण ऊन खाऊन अन्न करणारं त्याचं स्वयंपाकघर म्हणजे हिरवं पातं. ते फार खोलवर कापलं तर झाड मुळांतला साठा मोडून नवं पातं काढतं आणि मुळं आखडतात. वरून हिरवळ दहा दिवसांत भरलेली दिसते, पण मार्चमध्ये पाणी दोन दिवस चुकलं की तीच आधी पिवळी पडते.

इथे थोडं बाजूला जातो, कारण ही गोष्ट मला फार आवडते. गवत कापायचं यंत्र पहिल्यांदा बनलं 1830 मध्ये, इंग्लंडमधल्या स्ट्राउड या लोकरी कापडाच्या गावात. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गिरणीत कापडावरची लव साफ कापणारं यंत्र पाहिलं: फिरत्या नळीवर वळणदार पाती आणि खाली एक स्थिर पट्टी. लव कापता येते तर गवत का नाही, असं त्याला वाटलं. ढकलून चालवायच्या नळीच्या मशीनची रचना आजही तीच आहे. बोरगावात रेमंडची कापड गिरणी आहे. तिच्या आसपासच्या एखाद्या हिरवळीवर मशीन फिरवणाऱ्याला आपल्या अवजाराचं माहेर कापडाच्या गिरणीत आहे हे कळलं, तर मला वाटतं त्याला बरं वाटेल.

3. तिसरा हिस्सा

आता पहिला नियम. एका वेळी पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नये. जगभरचे माळी हा नियम पाळतात आणि फेऱ्यांचं सगळं गणित त्यातूनच निघतं.

समजा, हिरवळ 4 सेंटिमीटरवर राखायची आहे, साधारण आगपेटीच्या काडीइतकी. मग ती 6 सेंटिमीटर झाली की कापायची, म्हणजे वरचे 2 सेंटिमीटर, बरोबर तिसरा हिस्सा, निघतील. आता प्रश्न एवढाच की 4 चे 6 व्हायला किती दिवस लागतात. दिवसाला 3 मिलिमीटर वाढ असेल तर सात दिवस. 2 मिलिमीटर असेल तर दहा. दीड असेल तर तेरा. अर्धाच मिलिमीटर असेल तर चाळीस. मशीन तेच, हिरवळ तीच, आणि फेऱ्यांमधलं अंतर सात दिवसांपासून चाळीस दिवसांपर्यंत ताणलं जातं.

हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. आपल्या गिऱ्हाइकाच्या हिरवळीचा खरा आकडा काढायला काही लागत नाही. कापणी झाली की एका कोपऱ्यात पट्टी टेकवून उंची लिहायची, पुढच्या फेरीला पुन्हा मोजायची आणि दिवसांनी भागायचं. एक वर्ष असं लिहिलेली वही पुढची दहा वर्षं पुरते.

फेरी चुकली तर? दिवसाला 3 मिलिमीटरने चौदा दिवसांत गवत 4 वरून 8 च्या वर जातं. आता एकदम 4 वर आणलं तर निम्म्याहून जास्त पातं जाईल आणि खालचे पिवळे दांडे उघडे पडतील. म्हणून आधी साडेपाचपर्यंत उतरवायचं आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा खाली. चुकलेली एक फेरी अशी दोन फेऱ्या मागते. हे लक्षात ठेवा, पुढे पावसाच्या हिशेबात हेच येणार आहे.

4. सूर्याची तारीख, चंद्राची तिथी

हरळी हे उष्ण हवेचं गवत. तीस-पस्तीस अंशांची ऊब, भरपूर ऊन आणि मुळाशी ओल मिळाली की ती सर्वांत वेगाने धावते. थंडीत रात्री पारा दहा अंशांकडे उतरला की ती जवळजवळ झोपते आणि रंगही उतरतो. उन्हाळ्यात ऊब असते पण ओल नसते, म्हणून जितकं पाणी द्याल तितकी वाढ. तिन्ही गोष्टी एकत्र येतात पावसाळ्यात.

आपल्याकडे पावसाची मोजणी करणारं एक जुनं पंचांग शेतकऱ्याच्या तोंडी आहेच: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. ही सूर्याची नक्षत्रं. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून जातो असं मानतात, म्हणून 365 ला 27 ने भागलं की एका नक्षत्राला साडेतेरा दिवस येतात. सूर्याचं असल्यामुळे हे पंचांग इंग्रजी तारखांशी घट्ट बांधलेलं आहे. मृग 7-8 जूनला लागतो, आर्द्रा 21-22 जूनला, आश्लेषा ऑगस्टच्या सुरुवातीला, हस्त 26-27 सप्टेंबरला. आजोबांच्या वेळीही जवळपास हेच दिवस होते, कारण या तारखा साधारण सत्तर वर्षांत एका दिवसाने सरकतात. नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा यावरून पाऊस कळतो यावर माझा विश्वास नाही. पण तारखांची ही चौकट गवतासाठी इतकी चपखल आहे की ती सोडून महिन्यांचं कोष्टक का धरावं, हे मला कळत नाही.

गिऱ्हाईक मात्र दुसऱ्या पंचांगावर चालतं. पोळा, गणपती, दिवाळी, तुळशीचं लग्न हे सगळं चंद्राच्या तिथीने ठरतं. चंद्राचे बारा महिने 354 दिवसांत संपतात, म्हणून सण दर वर्षी अकराएक दिवस आधी येतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारतात. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, पोळा आला 14 सप्टेंबरला. 2024 मध्ये 2 सप्टेंबरला. 2025 मध्ये 22 ऑगस्टला. तीन वर्षांत तेवीस दिवसांचा फरक, आणि गवत तिन्ही वर्षी आपल्याच तारखांना वाढत होतं. आपल्या सीमाभागात आणखी एक गुंता आहे. मराठी घरात पोळ्याची अमावास्या श्रावणाची, तर हिंदी पंचांग लावणाऱ्या शेजाऱ्याकडे तीच भाद्रपदाची. 'भादोंत या' असं कुणी सांगितलं तर तारीख विचारून घेतलेली बरी.

फेऱ्या आखणाऱ्याचं काम म्हणजे ही दोन पंचांगं एका वहीत बसवणं.

5. सत्तावीस नक्षत्रं, तीस फेऱ्या

आर्द्रा ते उत्तरा, म्हणजे 21 जून ते 26 सप्टेंबर, ही सात नक्षत्रं गवताच्या धावपळीची. इथे एका नक्षत्राला दोन फेऱ्या, एकूण चौदा. पुढे हस्त, चित्रा, स्वाती: पाऊस सरतो, जमिनीत ओल असते, वाढ मंदावते. दर दहा दिवसांनी एक, म्हणजे चार फेऱ्या. स्वाती 5-6 नोव्हेंबरला संपलं की आपल्या तोंडी असलेली नक्षत्रं संपतात, कारण पुढच्या नक्षत्रांत पेरायचं-निंदायचं थोडं असतं. पण सूर्य चालतच असतो. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आठ नक्षत्रं जातात आणि एवढ्या साडेतीन महिन्यांत तीन फेऱ्या पुष्कळ होतात. मग ऊन चढतं. रोज पाणी मिळणाऱ्या हिरवळीला जूनपर्यंतच्या नऊ नक्षत्रांत एकेक, म्हणजे नऊ फेऱ्या.

चौदा, चार, तीन, नऊ. वर्षाच्या तीस फेऱ्या, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या सव्वातीन महिन्यांत.

ज्या आवारात उन्हाळ्यात पाणी नाही तिथे शेवटच्या नऊ गळतात. तिथली हरळी वाळून मेल्यासारखी दिसते, पण जमिनीखालच्या गाठी जिवंत असतात आणि मृगाच्या पहिल्या सरीने फुटतात. त्या पहिल्या फुटव्यावर लगेच मशीन घालू नये. मुळांनी पकड घेऊ द्यावी, पहिली कापणी आर्द्रात.

6. झड

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: एका माणसाने किती गिऱ्हाइकं धरावी? धंदा इथेच बसतो किंवा उभा राहतो.

समजा, एक मशीन, एक जोडीदार, आणि दिवसाला चार आवारं होतात. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर 1200 फेऱ्या होतील. एका गिऱ्हाइकाला तीस, म्हणजे चाळीस गिऱ्हाइकं. कागदावर छान दिसतं. पण सरासरी इथे फसवते. सरासरी काढताना जानेवारीचे रिकामे दिवस आश्लेषा-मघाच्या कामाला उसने दिलेले असतात, आणि रिकामा दिवस साठवून ठेवता येत नाही.

म्हणून नुसत्या पावसाळ्याचा हिशेब करू. नक्षत्राचे चौदा दिवस धरा. दोन सुट्टीचे गेले, राहिले बारा. रोज चार, म्हणजे अठ्ठेचाळीस फेऱ्या. प्रत्येकाला दोन, म्हणून चोवीस गिऱ्हाइकं.

हेही खरं नाही, कारण यात झड धरलेली नाही. दोन-तीन दिवस पाऊस संथ धार लावून बसला की मशीन निघत नाही, आणि पाऊस थांबला तरी लगेच निघत नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. शेतकरी जसा वापसा आल्याशिवाय डवरा घालत नाही, तसंच हेही काम आहे. ओल्या काळ्या मातीवर चाकं फिरली की माती दबून बसते, मुळांची हवा कोंडते, ओलं गवत पात्यात गुंतून गोळे पडतात आणि त्या गोळ्यांखाली हिरवळ कुजते. परीक्षा सोपी आहे. टाच दाबून उभं राहा, टाचेभोवती पाणी वर आलं तर त्या दिवशी परत फिरा. असे झडीचे आणि वापशाचे मिळून चार दिवस गेले तर राहिले आठ. आठ चोक बत्तीस फेऱ्या, सोळा गिऱ्हाइकं.

चाळीस, चोवीस आणि सोळा. तिन्ही आकडे एकाच मशीनचे. पूल बांधताना नदीची वर्षभराची सरासरी धरत नाहीत, पुराची रेघ पाहतात. सोळा हा आपला पूर आहे. चोवीस धरणाऱ्याची पहिल्याच झडीत सोळा आवारं मागे पडतात, चुकलेली प्रत्येक फेरी दोन मागते, आणि मग फोन उचलायचाच तो टाळू लागतो. माझ्या मते या धंद्यात गिऱ्हाईक तुटतं ते याच ठिकाणी. दर जास्त म्हणून फार थोडे सोडून जातात. जास्त काम हवंच असेल तर आर्द्रा ते उत्तरा एवढ्यापुरता दुसरा माणूस आणि दुसरं मशीन बघावं, वर्षभराचं नव्हे.

7. पोळ्याचा आठवडा

पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आणि पांढुर्ण्यात त्याच दिवशी गोटमार: जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात. नदीकाठचे रस्ते गर्दीने भरतात, त्या दिवशी पांढुर्ण्यात मशीन काढायचं नाही. मग हरतालिका आणि पोळ्याच्या पाचव्या दिवशी गणपती. प्रत्येक घराला गणपतीआधी अंगण नीट हवं असतं, आणि नेमकं याच सुमाराला गवत दिवसाला तीन मिलिमीटरने वाढत असतं.

पोळा ऑगस्टमध्ये आला की झडीची शक्यता जास्त आणि गवताचा जोर पुरता. सप्टेंबरच्या मध्यावर आला तर दोन्ही थोडे उतरलेले. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच पंचांग उघडून पोळ्याची तारीख कोणत्या नक्षत्रात पडते ते पाहावं. 2025 मध्ये ती मघात पडली, 2024 मध्ये पूर्वात. मघात पडली तर त्या नक्षत्राच्या दोन फेऱ्यांपैकी एक पोळ्याआधीच्या तीन दिवसांत होईल तितकी उरकायची आणि गणपतीआधीचे दोन दिवस राहिलेल्यांसाठी मोकळे ठेवायचे.

एक बारीक गोष्ट. नियमित कापलेल्या हिरवळीत पूजेजोग्या तीन पानी दूर्वा मिळत नाहीत, शेंडेच उडालेले असतात. ज्या घरी गणपती बसतो तिथे पंधरा दिवस आधी विचारावं, "काकू, एक कोपरा सोडू का?" काकूंना ती विचारपूस वर्षभर आठवते.

8. लग्नाचं लॉन

इथे गवताचं आणि गिऱ्हाइकाचं घड्याळ अगदी उलट चालतं. चातुर्मासात लग्नं नाहीत, तेव्हा गवत धावतं. तुळशीचं लग्न झालं की मांडव पडू लागतात, तेव्हा गवत झोपायला निघालेलं असतं. थंडीत तुडवलेली हिरवळ लवकर भरून येत नाही. म्हणून लग्नाच्या लॉनची खरी मेहनत हस्त-चित्रा-स्वातीत करायची. कापणी थोडी उंच ठेवायची, पाच सेंटिमीटरवर, म्हणजे मुळं भरतात आणि पायाखालची गादी जाड होते. लग्नाच्या दिवशी सकाळी कापू नये, कापलेले तुकडे पाहुण्यांच्या पायांना आणि शालूंच्या काठांना चिकटतात. दोन दिवस आधी कापावं आणि कचरा झाडून घ्यावा. मांडव उतरला की गालिचे त्याच दिवशी उचलायला सांगावं, कारण झाकलेलं गवत तीन दिवसांत पिवळं पडतं.

9. दोन रस्ते

पांढुर्णा नागपूर-बैतूल रस्त्यावर, सौंसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, मध्ये पस्तीस-चाळीस किलोमीटर. एकाच दिवशी दोन्हीकडे जाणाऱ्याचा एका आवाराइतका वेळ गाडीवर जातो. वार वाटून घ्यावेत. फक्त जामसावळीच्या हनुमानाला मंगळवार-शनिवारी गर्दी असते, त्या बाजूची आवारं इतर वारी घ्यावीत.

10. रिकामे नव्वद दिवस

सोळा गिऱ्हाइकांच्या थंडीतल्या अठ्ठेचाळीस फेऱ्या म्हणजे बारा दिवसांचं काम. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तीनेक महिने मोकळे राहतात. हा भाग संत्र्याचा आहे हे इथे कामी येतं. आंबिया बहाराची तोडणी ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत चालते. तोडणीआधी बगीच्यातल्या ओळींमधलं गुडघाभर गवत ब्रश कटरने काढून द्यावं लागतं, नाहीतर शिडी ठेवायला आणि फळ वेचायला जागा नसते. मृगाची फळं निघतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा पुन्हा तेच. कपाशीच्या जिनिंगच्या आवारात कापूस येण्याआधी भोवतालचं वाळकं गवत निघायला हवं, कारण एक ठिणगी पुरते. ब्रश कटरची दोरी खडे गोळीसारखे उडवते, म्हणून चष्मा आणि बूट घातल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही आणि जवळ मूल असेल तर बंद करायचं.

11. "पैसे तेवढेच कसे?"

आता त्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देता येईल. समजा, एका फेरीचे 400 रुपये. तीस फेऱ्यांचे 12,000, म्हणजे महिन्याला 1000. आर्द्रा ते उत्तरा गिऱ्हाईक सव्वातीन हजारांच्या आसपास भरतं आणि काम घेतं 5600 चं. थंडीत ते साडेतीन हजार भरतं आणि काम घेतं 1200 चं. पावसाळ्यात गवतवाल्याने उधार दिलेलं असतं, ते थंडीत फिटतं. त्यामुळे जूनमध्ये सुरू करून ऑक्टोबरमध्ये बंद करणाऱ्या गिऱ्हाइकाला महिन्याचा दर लावू नये, फेरीचा लावावा. आणि फेब्रुवारीत नवं गिऱ्हाईक आलं तर त्याला हिशेब पहिल्याच दिवशी दाखवावा.

दाखवायचा म्हणजे तोंडी नाही. एका कागदावर सत्तावीस नक्षत्रं, त्यांच्या तारखा आणि प्रत्येकापुढे फेऱ्यांचे रकाने काढून त्याच्या फाटकाच्या आतल्या बाजूला चिकटवावं. प्रत्येक फेरीला तारीख आणि कापण्याआधीची उंची तिथेच लिहावी. दिवाळीनंतर प्रश्न आला की बोट ठेवायचं मघाच्या रकान्यावर: "हे बघा काका, इथे मी नऊ दिवसांत तीनदा आलो होतो."